शोधण्याची मजुरी

गाडी कायमची बंद पडली तर तिची दुरुस्ती त्या मानाने सोपी असते. दोष जागच्या जागी असतो, तो कुठे पळून जात नाही. मिस्त्रीला घाम फोडते ती अधूनमधून बंद पडणारी गाडी. हॅरिस पुलाच्या मधोमध इंजिन अचानक गप्प होतं, मागे हॉर्नचा गोंगाट सुरू होतो, दहा मिनिटांनी किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात चालू. गॅरेजमध्ये नेली तर तासभर उभी ठेवूनही एकदा कुरकुरत नाही. मग ठरलेली दोन वाक्यं कानावर पडतात. पहिलं, ‘गाडी तर एकदम ओके आहे.’ आणि दुसरं, ‘पंप बदलून बघू.’

माझा आक्षेप या ‘बदलून बघू’ला आहे. त्याचा सगळा दोष मात्र मी मिस्त्रीच्या माथी मारणार नाही. अर्ध्याहून जास्त दोष गिऱ्हाइकाचा, म्हणजे आपला आहे. कसा, ते पुढे सांगतो.

आधी शब्दाकडे बघू, कारण शब्द शिकवणं हा माझा पेशा आहे. मराठीत रोग ओळखण्याला ‘निदान’ म्हणतात. उर्दूत त्यालाच ‘तश्खीस’ म्हणतात, आणि हा शब्द ‘शख्स’ या शब्दाच्याच घराण्यातला आहे. गर्दीतून नेमका तो एक शख्स वेगळा काढणं, म्हणजे तश्खीस. मोहल्ल्यातल्या चार पोरांना संशयावरून धरून आणणं ही तश्खीस नव्हे. तिला आपल्याकडे बदगुमानी म्हणतात, आणि तिच्यापासून दूर राहायची ताकीद आपल्याला लहानपणापासून मिळालेली असते. माणसाबद्दल आपण ती निदान तोंडाने तरी पाळतो. गाडीच्या सुट्या भागांबद्दल मात्र बेधडक बदगुमानी चालते. आज प्लग गुन्हेगार, उद्या क्वॉइल, परवा पंप.

अधूनमधून येणाऱ्या दोषाची जात पाळीच्या तापासारखी असते. हिवतापाचा रोगी दोन तापांच्या मधल्या दिवशी ठणठणीत दिसतो. म्हणून जुने हकीम आणि वैद्य आधी विचारायचे की ताप कोणत्या दिवशी येतो, कोणत्या वेळी येतो, थंडी वाजून येतो का. गाडीलाही हेच प्रश्न विचारावे लागतात, आणि त्यांची उत्तरं मिस्त्रीकडे नसतात. ती चालवणाऱ्याकडे असतात, कारण गाडी बंद पडते तेव्हा तिथे तोच हजर असतो.

पहिला प्रश्न: गाडी कशी बंद पडली? किल्ली फिरवल्यासारखी एका क्षणात, की आचके खात, दम सोडत? एका क्षणात पडली तर संशय विजेच्या बाजूला जातो: वायरिंग, अर्थिंग, रिले, इग्निशन स्विच, क्रँक सेन्सर. आचके खात पडली तर इंधनाच्या बाजूला: पंप, फिल्टर, टाकीतला कचरा. हा नियम दगडावरची रेघ नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून ठरतं.

दुसरा प्रश्न: त्या क्षणी समोरच्या पट्टीवर काय दिसलं? सगळेच दिवे विझले असतील तर मुख्य वीजपुरवठाच तुटला. बॅटरीची टर्मिनल, अर्थिंगची वायर आणि इग्निशन स्विच आधी तपासावेत. ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा लागला असेल तर वीज शाबूत आहे, फक्त इंजिन थांबलंय. आरपीएमचा काटा असेल तर त्याच्याकडेही लक्ष हवं. गाडी गिअरमध्ये असून चाकं इंजिनाला फिरवत असताना काटा धाडकन शून्यावर आला, तर क्रँक सेन्सरकडून येणारा सिग्नल तुटल्याची शक्यता मोठी.

तिसरा प्रश्न: कधी? वीस-पंचवीस मिनिटं चालून तापल्यावर पडते आणि थंड झाल्यावर सुरू होते? मग उष्णतेने हात टेकणारे भाग तपासावेत, जसे सेन्सर, क्वॉइल, पंपाची मोटर, रिलेतलं सोल्डरिंग. खड्ड्यात आदळल्यावर पडते? मग सैल वायर. फक्त पावसात? मग प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रीब्युटरची टोपी. फक्त सिग्नलला थांबल्यावर? मग थ्रॉटलवर साचलेली काजळी किंवा आयडलिंगचा व्हॉल्व्ह. हा आजारच वेगळा. टाकीचं झाकण उघडताना आत हवा ओढल्याचा मोठा आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर टाकीचा श्वास कोंडला आहे असं समजावं.

आपल्या भागात सीएनजीच्या गाड्या भरपूर आहेत. त्यांच्या मालकांच्या हातात तर फुकटातली एक परीक्षा आहे. दोन-चार दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवायची. तेव्हाही बंद पडली तर दोष बहुधा दोन्हीकडे सामाईक असलेल्या भागात, म्हणजे इग्निशन, सेन्सर किंवा वायरिंगमध्ये आहे. फक्त गॅसवर पडत असेल तर पेट्रोलच्या पंपाला हात लावायची गरजच नाही.

जुन्या चालकांना हे न शिकवता कळत होतं. प्रीमियर पद्मिनीच्या काळात उन्हाळ्यात घाट चढताना गाडी बंद पडली की ते पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे. उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही, हे त्यांना त्या फडक्याने सिद्ध करून दाखवलं होतं. फडकं टाकलं आणि गाडी सुरू झाली, म्हणजे दोष सापडला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. ओल्या फडक्यामागची रीत मात्र जायला नको होती. संशयित भागाला मुद्दाम तापवायचं, थंड करायचं, वायर हलवून बघायची. दोष आपल्या हुकमाने आणता आला आणि घालवता आला, तरच तो सापडला असं म्हणायचं.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची २००५ सालची पेट्रोल गाडी अशीच बंद पडायची. दोन गॅरेजं झाली. प्लग, क्वॉइल आणि पंप असं मिळून नऊ हजारांच्या वर खर्च झाला, दोष जागेवरच. मग त्यांनी डॅशबोर्डवर एक शंभर पानी वही ठेवली आणि गाडी बंद पडली की तारीख, वेळ, ऊन-पाऊस, दिवे असं सगळं लिहू लागले. तीन आठवड्यांत नऊ नोंदी झाल्या. नऊच्या नऊ दुपारी एक ते पाचमधल्या, आणि प्रत्येक वेळी गाडी आधी उन्हात उभी होती. दिवे शाबूत. बंद पडल्यावर किल्ली ऑन केली की एरवी दोन सेकंद येणारी पंपाची घूं ऐकू येत नव्हती, आणि पंप तर कोरा करकरीत होता. ही वही तिसऱ्या मिस्त्रीने वाचली. त्याने डॅशबोर्डखालचा रिले काढला आणि हेअर ड्रायरने तापवला. पंप गप्प. थंड केला, पंप सुरू. आतल्या सोल्डरिंगला केसाएवढी चीर होती. रिले बदलायला पाच मिनिटं लागली.

इथे मुख्य मुद्दा येतो. तिसऱ्या मिस्त्रीने पैसे किती घेतले? रिलेची किंमत आणि दोनशे रुपये. पहिल्या दोघांनी दोष न सापडताही त्याच्या कितीतरी पट कमावले, कारण त्यांनी भाग विकले. आपण मिस्त्रीला भाग बदलल्याचे पैसे देतो, शोधल्याचे देत नाही. तो दोन तास टेस्ट लॅम्प घेऊन वायरीमागे फिरला आणि शेवटी एक सैल नट आवळला, तर आपण म्हणतो, ‘एवढ्याशा कामाचे पाचशे?’ डॉक्टरने तपासून ‘काही नाही, विश्रांती घ्या’ म्हटलं तरी आपण मुकाट्याने फी देतो. मिस्त्रीची मात्र तपासणी फुकट धरतो. ज्या कामाला मजुरी नाही ते काम कोण करेल? तो पंप विकेल. ‘बदलून बघू’ची शाळा आपणच चालवतो.

यात नुकसान फक्त खिशाचं नाही. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सचं प्रकरण आठवा. याच कंपनीचा कारखाना आपल्या तळेगावात होता. तिच्या काही छोट्या गाड्यांमध्ये इग्निशन स्विच इतका हलका होता की गुडघ्याच्या धक्क्याने किंवा जुडग्याच्या वजनाने किल्ली मागे फिरायची आणि चालत्या गाडीचं इंजिन बंद व्हायचं. वीज गेल्यामुळे अपघातात एअरबॅगही उघडत नसत. तक्रारी २००४-०५ पासून येत होत्या, पण कंपनीने त्या ‘ग्राहकाची गैरसोय’ या खात्यात टाकल्या, सुरक्षेच्या खात्यात नाही. २००६ मध्ये स्विच गुपचूप सुधारला, पण भागाचा नंबर तोच ठेवला. त्यामुळे पुढे तपास करणाऱ्यांना जुन्या-नव्यातला फरकच दिसेना. अखेर एका मृत तरुणीच्या घरच्यांनी केलेल्या खटल्यात, एका स्वतंत्र इंजिनिअरने अपघातातल्या गाडीचा स्विच आणि दुकानातून आणलेला नवा स्विच शेजारी ठेवून मोजला, तेव्हा सत्य बाहेर आलं. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. एवढ्या मोठ्या कंपनीला जे दिसलं नाही, ते एका माणसाने दोन वस्तू शेजारी ठेवून दाखवलं. त्याला शोधण्याचे पैसे मिळत होते, हेही विसरू नका.

म्हणून चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे प्रत्येक चालकाला पाठ हवं. स्टिअरिंग जड होतं, पण फिरतं. ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरती उरते, म्हणून पॅडल पुन्हा पुन्हा दाबू नये, एकदाच घट्ट दाबावं. चारही इंडिकेटर लावून डावीकडे यावं. आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल.

आता आपल्या घरातली गोष्ट. आपल्या समाजात गॅरेजचं काम करणारे किती आहेत, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही. शाळेतून आठवी-नववीत गळालेला मुलगा महिन्याभराने कुठल्यातरी गाडीखाली दिसतो आणि घरचे म्हणतात, ‘पढाई में दिल नहीं था, हाथ का काम सीख रहा है।’ जणू हाताच्या कामाला डोकं लागतच नाही. मी वर जे प्रश्न लिहिले ते पुन्हा वाचा. दोन शक्यता घ्या, एक कसोटी लावा, एक शक्यता बाद करा, पुढे चला. वर्गात आम्ही याला तर्क म्हणतो, मदरशात मंतिक म्हणतात. गाडीखालचा मुलगा तेच करत असतो; फक्त त्याला कोणी ते नाव सांगितलेलं नसतं आणि त्याने ते कधी लिहून ठेवलेलं नसतं.

लिहिणं इथे चैनीची गोष्ट नाही. १ एप्रिल २०१३ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना स्वतःचे दोष नोंदवणारी ओबीडी-२ यंत्रणा सक्तीची झाली. स्कॅनर लावला की कोड दिसतो. पण कोड हा गुन्हेगार नव्हे, तो फक्त साक्षीदार आहे. ‘क्रँक सेन्सरचा सिग्नल नाही’ याचा अर्थ सेन्सर खराब असा नव्हे. वायर तुटलेली असू शकते. आणि अधूनमधूनच्या दोषात कित्येकदा कोडच उमटत नाही. वायरिंगचा नकाशा वाचता येणारा मुलगा यातून वाट काढतो. न येणारा सेन्सर विकतो. माझे विद्यार्थी गॅरेजला जाणार असतील तर खुशाल जावेत. जाण्याआधी त्यांना ‘काय झालं, केव्हा झालं, आधी काय, नंतर काय’ एवढं दहा ओळींत नीट लिहिता यावं, मराठीत किंवा उर्दूत, आणि शक्य असेल तर हातात आयटीआयचं प्रमाणपत्र असावं, एवढा माझा आग्रह आहे.

इथेच, दापोडीत, एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. एसटीच्या चालकाला बसची तक्रार लिहून द्यावी लागते. सरकारी शिस्त म्हणून आपण तिला हसतो, पण हजारो गाड्या चालवायच्या तर ‘कुछ तो आवाज आता है’ एवढ्यावर भागत नाही. जी शिस्त एसटीला जमते ती एका गाडीच्या मालकाला जमायला हरकत नाही.

तेव्हा तुमची जुनी गाडी अधूनमधून दगा देत असेल तर आजच एक वही गाडीत ठेवा. चार-सहा नोंदी झाल्या की ती घेऊन मिस्त्रीकडे जा आणि काम सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट बोला: ‘उस्ताद, शोधायचे तासाला किती घ्याल? भाग बदलावा लागला नाही तरी देईन.’ तो आधी चमकेल. मग बहुतेक स्टूल ओढून तुमची वही वाचायला बसेल, आणि शेजारच्या शागिर्दालाही वाचायला लावेल.