धैर्य आणि विनय

धैर्य आणि विनय हे दोन गुण एका ठिकाणीं नांदत नाहींत, असा समज पुष्कळ घरांतून आढळतो. जो धीट तो चारचौघांत पुढें पुढें करणारा, आणि जो विनयशील तो मुखदुर्बळ, अशी आपली ठरीव वांटणी असते. या समजाची परीक्षा पाहावयाची असेल, तर चंद्रावर प्रथम पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग यांच्या चरित्राकडे पाहावें.

आर्मस्ट्राँग यांचा जन्म ५ ऑगस्ट १९३० रोजीं अमेरिकेंतील ओहायो राज्यांत वापाकोनेटा या लहानशा गांवीं झाला. मोटार हांकण्याच्या परवान्यापूर्वींच, वयाच्या सोळाव्या वर्षीं, त्यांनीं विमान चालविण्याचा परवाना मिळविला. पुढें कोरियाच्या युद्धांत ते ७८ वेळां लढाऊ विमान घेऊन गेले.

त्यांच्या धैर्याची खरी कसोटी १६ मार्च १९६६ रोजीं लागली. जेमिनी-८ या यानांतून ते व डेव्हिड स्कॉट हे अंतराळांत गेले, आणि तेथें फिरणाऱ्या एका निर्मनुष्य यानास त्यांनीं आपलें यान जोडलें. असें पूर्वीं कोणासही साधलें नव्हतें. परंतु थोड्याच वेळांत दोन्ही यानें गरगर फिरूं लागलीं. जोड सोडतांच त्यांचें यान अधिकच वेगानें, सेकंदास सुमारें एक फेरा, फिरूं लागलें. दिशा सांभाळणाऱ्या लहान इंजिनांपैकीं एक बंद होत नव्हतें. दृष्टि अंधुक होत असतांना आर्मस्ट्राँग यांनीं ती सर्व यंत्रणा बंद केली, आणि परतीच्या प्रवासासाठीं राखून ठेवलेल्या इंजिनांनीं यान स्थिर केलें. त्या क्षणीं ‘मी कसा दिसतों’ हा विचार ज्याच्या मनांत येईल, त्याचा हात योग्य कळीवर कसा जाईल? आपल्याकडील लक्ष काढून तें कामाकडे लावणें, हाच विनय. आणि धैर्यही तेथूनच उगवतें, असें माझें मत आहे.

६ मे १९६८ रोजीं चंद्रावर उतरण्याचा सराव करीत असतां त्यांचें यंत्र बिघडलें. ते हवाई छत्रीच्या साह्यानें कसेबसे वांचले, यंत्र जळून खाक झालें. आणि त्याच दिवशीं ते कचेरींत जाऊन आपल्या कामास बसले. पुढें २० जुलै १९६९ रोजीं यान चंद्राजवळ आलें, तेव्हां गणकयंत्र धोक्याच्या सूचना देऊं लागलें व समोर मोठमोठे धोंडे पसरलेले दिसले. आर्मस्ट्राँग यांनीं सुकाणूं स्वतःकडे घेतलें, आणि उतरण्याचें इंधन जेमतेम एक मिनिटही पुरणार नाहीं अशा वेळीं यान सपाट जागीं उतरविलें.

चंद्रावरील मनुष्याचें जें छायाचित्र जगभर प्रसिद्ध आहे, तें आर्मस्ट्राँग यांचें नव्हे. तें त्यांचे सोबती बझ ऑल्ड्रिन यांचें आहे. बहुतेक वेळ कॅमेरा आर्मस्ट्राँग यांच्याच हातीं असल्यामुळें त्यांचीं स्वतःचीं चित्रें फारच थोडीं निघालीं. ऑल्ड्रिन यांच्या शिरस्त्राणाच्या कांचेंत तेवढें त्यांचें लहानसें प्रतिबिंब दिसतें. पुढेंही ते या यशाचें श्रेय त्या कार्यांत राबलेल्या सुमारें ४ लाख लोकांस देत. १९७१ पासून १९७९ पर्यंत सिनसिनाटी विद्यापीठांत ते अध्यापक होते. आपल्या स्वाक्षऱ्यांचा बाजार मांडला जातो हें पाहून त्यांनीं स्वाक्षरी देणेंच बंद केलें.

कोणी म्हणेल, हा विनय कसला? हा तर तुसडेपणा! ज्यांच्या करांतून ही मोहीम घडली, त्या लोकांचा त्यांच्यावर हक्क नव्हता काय? हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु १९६९ मध्यें आपल्या दोन सोबत्यांसह ते देशोदेशीं फिरले. त्या दौऱ्यांत ते मुंबईसही आले होते. तसेंच २०१० सालीं, वयाच्या ७९ व्या वर्षीं, सरकारचे अंतराळविषयक बेत त्यांस चुकीचे वाटले, तेव्हां अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढें त्यांनीं तसें स्पष्ट सांगितलें. स्वतःविषयीं ते मितभाषी होते. कर्तव्याविषयीं मुके नव्हते. २५ ऑगस्ट २०१२ रोजीं ते निवर्तले.

पालकांस माझी एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी बक्षीस घेऊन घरीं आली, म्हणजे टाळ्या किती पडल्या हें विचारण्यापूर्वीं, काम कसें केलें आणि साह्य कोणाचें झालें, हें विचारावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, वर्गांत जो विद्यार्थी थोडें बोलतो त्यास भित्रा समजूं नका; अडचणीच्या वेळीं त्याचे हात काय करतात, तें पाहा.