कणा आणि नकाशा

मराठी भाषेने पाठीला जेवढे राबविले आहे, तेवढे क्वचितच दुसऱ्या कुठल्या अवयवाला राबविले असेल. आपण पाठ थोपटतो, पाठ फिरवितो, चुकलेल्याला पाठीशी घालतो. पण ती दुखू लागली म्हणजे तिच्याविषयी आपल्याला काडीचीही माहिती नसते. 'कणाहीन' या शब्दाचा अर्थ वर्षानुवर्षे वर्गात समजावून देणाऱ्या मला, कण्यात सुटे मणके चोवीस असतात, हे गेल्या श्रावणात कळले.

त्याला निमित्ते दोन. एक मी, दुसरी आमची अक्का.

पेपर तपासता तपासता माझी कंबर धरली, म्हणून एमआरआय काढला. अहवाल वाचून घाम फुटला : दोन चकत्या फुगलेल्या, एक सुकलेली! डॉक्टरांनी मात्र तो कागद बाजूला ठेवला, माझा पाय ताठ वर उचलून पाहिला, मला टाचांवर चालविले आणि व्यायाम सांगून घरी पाठविले. इतक्या भारदस्त अहवालाची एवढीच किंमत? पुढे वाचनात आले, की १९९४ साली अमेरिकेत ९८ जणांचे असेच एमआरआय प्रसिद्ध झाले. त्यांतल्या एकाचीही पाठ दुखत नव्हती; तरी सगळ्या चकत्या धडधाकट निघाल्या त्या अवघ्या ३६ टक्के लोकांच्या! केस पांढरे होतात, तशाच चकत्याही पिकतात म्हणायच्या.

अक्काची गोष्ट निराळी. ती प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, माझ्याहून चौदा वर्षांनी वडील. शंभर पावले चालली की तिच्या दोन्ही पायांत कळा येतात. कट्ट्यावर पुढे वाकून बसली की थांबतात. कमरेचा चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकलेला आणि मज्जातंतूंची वाट चिंचोळी झालेली. गोळ्या, व्यायाम, कमरेतले इंजेक्शन, सगळे झाले. आता ती वाट मोकळी करायची आणि दोन मणके स्क्रूंनी जखडायचे, असे ठरत आले.

"मामा, काळजी नको, त्यांच्याकडे नेव्हिगेशन आहे!" भाचा म्हणाला. जणू शस्त्रक्रिया यंत्रच करणार आणि सर्जन चहा पिणार! सर्जननी समजावून सांगितले ते असे. मणक्याच्या मागच्या भागातून पुढच्या भागाकडे हाडाचा एक अरुंद पूल जातो. स्क्रू न्यायचा तो त्यातून. कमरेत हा स्क्रू साधारण साडेसहा मिलिमीटर जाड असतो, आणि पुलाच्या भिंतीपलीकडे लगेच मज्जातंतू. म्हणून मणक्याच्या मागच्या काट्याला एक छोटी चौकट घट्ट बसवितात. तिच्यावर चकाकणारे गोळे. टेबलावरच स्कॅन काढतात. हत्यारावरही तसेच गोळे असतात. अवरक्त किरणांचा कॅमेरा दोन्ही पाहतो आणि हत्याराचे टोक हाडात कोठे पोचले आहे ते संगणक पडद्यावर दाखवितो. मेंदूच्या शस्त्रक्रियेतली ही युक्ती १९९०नंतरच्या दशकात कण्याकडे आली. १८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडले, तेव्हा हाडाची सावली दिसली एवढ्यानेच जग थक्क झाले होते.

"पण एक लक्षात घ्या," ते भाच्याला म्हणाले, "स्क्रू कोठून जावा ते यंत्र सांगते. तो घालावा की नाही, ते तुमच्या आईंच्या पायांनी सांगितले आहे. नुसत्या फोटोवरून मी हो म्हटले नसते." मला माझा अहवाल आठवला आणि या माणसाविषयी विश्वास वाटला.

अक्का इतका वेळ गप्प होती. तिने विचारले, "त्या कॅमेऱ्याच्या आड कोणी उभे राहिले तर?"

"तर चित्र थांबते, बाई. त्याची भीती नाही, बाजूला व्हायचे. भीती निराळीच. कोणाचा धक्का लागून चौकट हलली, तर चित्र थांबत नाही, चुकीचे दिसत राहते. म्हणून ओळखीच्या एखाद्या हाडाला टोक लावून आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो, की पडद्यावरही ते तिथेच दिसते ना."

"म्हणजे मधून मधून ताळा करून पाहता," अक्का म्हणाली. मग पिशवीतून चष्मा काढून तिने भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले आणि भाऊबिजेनंतरची तारीख मागितली.