ससा चाऱ्याला तोंड लावीत नसेल, तर उद्याची वाट पाहू नये

गेल्या श्रावणातील गोष्ट आहे. एका गावी शेतकऱ्यांची बैठक आटोपून मी संध्याकाळी निघण्याच्या बेतात असता आठ-नऊ वर्षांची एक मुलगी वडिलांसमवेत टोपली घेऊन आली. टोपलीत पांढरा ससा होता. "साहेब, हा सकाळपासून काही खात नाही, नुसता कोपऱ्यात बसून आहे," वडील म्हणाले. सशास हगवण नव्हती, अंगावर जखम नव्हती. मी म्हणालो, "दमला असेल. उद्या सकाळी दवाखान्यात दाखवा." दुसऱ्या दिवशी तो दवाखान्याच्या वाटेवरच मेला. मागाहून चौकशी करता कळले की, घरी पाहुणे आल्याने दोन दिवस मुलांनी त्यास बिस्किटे, पोळी व गुळाचे खडे चारले होते, आणि आदल्या रात्रीपासून पिंजऱ्यात एकही लेंडी पडली नव्हती. काय चारले आणि लेंड्या पडल्या का, हे दोन प्रश्न मी त्या संध्याकाळी विचारलेच नाहीत. माझे शिक्षण पिकांचे, ही सबब मी स्वतःस देऊ शकतो. त्या मुलीस देऊ शकत नाही.

म्हणून एक मत येथे आग्रहाने मांडावयाचे आहे. बैलाने एक वेळ वैरण सोडली तर सारे घर जागे राहते. ससा दिवसभर उपाशी बसला तर त्याकडे कोणी पाहत नाही. ससा हे मुलांचे खेळणे, ही आपली समजूत त्यास कारण आहे. परंतु ससा हौसेचा असो की विक्रीसाठी पाळलेला असो, त्याचे पोट सारखेच असते, आणि ते एकदा थांबले की उद्यापर्यंत थांबत नाही. त्याच्या पोटाचे विकार ओळखणे हे गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य मानले पाहिजे.

हे पोट समजून घेणे कठीण नाही. गाय, बैल, शेळी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांचा चारा प्रथम पोटाच्या मोठ्या कप्प्यात आंबतो व मग आतड्यांत जातो. सशाचे याच्या उलट आहे. तो रवंथ करीत नाही. त्याचा चारा आंबतो तो पचनमार्गाच्या शेवटाकडे, आंधळ्या आतड्यात. तेथील असंख्य सूक्ष्म जीव चाऱ्यातून जे सत्त्व तयार करतात, ते मऊ, चकचकीत, लहान घोसासारख्या लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडते, आणि ससा त्या गुदद्वाराशी तोंड नेऊन तशाच खातो. ही घाणेरडी खोड नव्हे. त्यातून त्यास प्रथिने व ब जीवनसत्त्वे मिळतात. दुसरी गोष्ट अशी की, सशास ओकता येत नाही. जे पोटात गेले ते पुढेच सरकले पाहिजे, आणि ते सरकत राहते गवतातील चोथ्यामुळे. चोथा कमी पडला की आतड्यांची हालचाल मंदावते, पोटातील अन्न सुकून घट्ट होते, वायू धरतो, दुखू लागते. दुखते म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडी अधिकच मंदावतात. उपवास लांबला की यकृतावर चरबी चढते. या फेऱ्यात एक-दोन दिवसांत जनावर हातचे जाते.

या विकाराचे मूळ बहुधा आपल्या लाडात असते. भाकरी, पोळी, बिस्किटे, गूळ, धान्य यांतील पिष्ट व साखर आंधळ्या आतड्यातील उपयोगी जीवांचा तोल बिघडविते. माझ्या मते सशाच्या आहारात सुमारे चार पंचमांश भाग गवताचा असावा: वाळलेले गवत रात्रंदिवस समोर हवे, आणि त्याच्या जोडीस हरळी, मारवेल, पवन्या यांसारखे हिरवे गवत. त्याने पोट चालते व सतत वाढणारे दातही झिजतात. लसूणघास वाढत्या पिलांस चालतो. प्रौढ सशास तो थोडाच द्यावा. कोबीचा पाला भरपूर घातल्यास वायू धरतो. बुरशी आलेला चारा उकिरड्यावर टाकावा, सशापुढे नव्हे. ज्या कोवळ्या ज्वारीने गुरांस किराळ लागते, ती सशासही देऊ नये. पहिल्या पावसानंतरचे पाणचट गवत पाहून वाळला चारा एकदम बंद करण्याची चूक पुष्कळ जण करतात. चाऱ्यातील कोणताही बदल आठ-दहा दिवसांत थोडाथोडा करावा. पाणी सदैव स्वच्छ व भरपूर असावे. याखेरीज उन्हाळ्यातील पत्र्याखालचा उकाडा, कुत्र्या-मांजरांची भीती व वाढलेल्या दातांची वेदना यांमुळेही ससा खाणे सोडतो.

आता ओळखण्याविषयी. ससा हा भक्ष्य होणारा प्राणी असल्याने दुखणे लपवितो. ओरडत नाही, तडफडत नाही. त्याचे दुखणे लेंड्यांत वाचावे लागते. निरोगी ससा दिवसाकाठी शंभराहून अधिक गोल, एकसारख्या, कोरड्या लेंड्या टाकतो. चुरडल्यास आत गवताचा भुसा दिसतो. त्या लहान, वेड्यावाकड्या किंवा केसांनी माळेसारख्या गुंतलेल्या दिसू लागल्या, तर पोट मंदावत आहे असे समजावे. अंग चोरून कुबड काढून बसणे, डोळे अर्धे मिटणे, दात करकर वाजविणे ही वेदनेची लक्षणे होत. सकाळचा चारा संध्याकाळपर्यंत तसाच राहिला किंवा तेवढ्या वेळात एकही लेंडी पडली नाही, तर रात्र उलटू न देता पशुवैद्यकास गाठावे. आणि गुरांच्या पोटफुगीत डावी भकाळी पाहतो, तसे सशाचे पोट अलगद चाचपावे. ते नगाऱ्यासारखे ताणलेले असेल व कान गार पडले असतील, तर तासांचाही हिशोब उरत नाही.

हगवणीचे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. मागच्या बाजूस मऊ लेंड्या चिकटलेल्या असून ससा खात-पीत असेल, तर बहुधा खुराक जास्त व गवत कमी आहे. खुराक आवरावा, गवत वाढवावे. पाण्यासारखी हगवण मात्र, विशेषतः आईपासून नुकत्याच तोडलेल्या पिलांत, घातक ठरते. त्यांच्या अंगातील पाणी झपाट्याने घटते. या वयात कॉक्सिडिया नावाच्या परजीवीचा उपद्रव पुष्कळ असतो. तो लेंड्यांनी खराब झालेल्या चाऱ्यापाण्यातून पसरतो. त्यावर औषध आहे, पण ते लेंड्या तपासून पशुवैद्यकाने द्यावयाचे. आपल्या हाती आहे ती स्वच्छता: जमीन कोरडी, चारा जमिनीवर न टाकता गव्हाणीत, आणि पिलांची दाटी नको.

पशुवैद्यक भेटेपर्यंत काय करावे? सशास शांत, सावलीच्या जागी ठेवावे. अंग गार लागत असेल तर कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीची ऊब द्यावी. ताजे गवत व पसरट भांड्यात पाणी समोर ठेवावे. पोट ताणलेले असता तोंडात काहीही घालू नये. पोट मऊ असेल व पशुवैद्यकाने फोनवरून तसे सांगितले, तरच सुई काढलेल्या पिचकारीने, ससा बसलेल्या स्थितीत असता, तोंडाच्या कडेने थोडेथोडे पाणी पाजावे. त्यास उताणा धरून पाजू नये. पाणी फुप्फुसात जाते. बैलाच्या पोटफुगीवर दिले जाणारे तेल, हिंग वा टर्पेंटाइनचे पाजण सशास देणे म्हणजे मरण ओढवून आणणे होय.

त्याहून मोठा धोका घरातील गोळ्यांचा आहे. माणसांसाठी आणलेली अ‍ॅमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन यांसारखी औषधे सशाच्या तोंडावाटे दिल्यास आंधळ्या आतड्यातील उपयोगी जीव मरतात, विषारी जंतू माजतात व औषधानेच ससा दगावतो. औषधाच्या दुकानदाराचा सल्ला येथे चालत नाही. वेदना कमी करणे, सलाईन देणे, आतडी पुन्हा चालती करणे आणि मार्गात अडथळा आहे की काय हे पाहणे, ही सारी पशुवैद्यकाची कामे आहेत.

काही बंधू म्हणतील, एका सशासाठी एवढी धावपळ कोण करणार? माझे उत्तर असे की, धावपळ टाळण्याचा मार्ग स्वस्त आहे. बांधावरचे गवत विकत आणावे लागत नाही, आणि सकाळी पिंजऱ्याखाली नजर टाकण्यास मिनिटही लागत नाही. हे काम घरातील मुलांकडेच सोपवावे. ज्या मुलास लेंड्या पाहून जनावराची प्रकृती सांगता येते, ते मूल पुढे गाई-म्हशींचेही दुखणे वेळेवर ओळखील.

गावोगाव फिरणारे आमचे कार्यकर्ते व पशुसखी यांना शेवटी एवढीच विनंती आहे की, ज्या घरी ससा असेल तेथे दोन प्रश्न न चुकता विचारावेत: "आज त्याने काय खाल्ले? आज लेंड्या कशा पडल्या?" दोहोंपैकी एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल, तर "उद्या पाहू" हे शब्द तोंडातून काढू नयेत. मी ते एकदा काढले आहेत.