कामाचा कुत्रा आणि घरचा संयम



गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतील वसाहतींमध्ये एक नवा पाहुणा दिसू लागला आहे. तांबूस-पिवळसर अंग, काळे तोंड, ताठ कान आणि क्षणभरही एका जागी न ठरणारी नजर. हा बेल्जियन मॅलिनॉइस जातीचा कुत्रा. लष्कराच्या आणि पोलिसांच्या चित्रफितींत त्याला भिंतीवरून झेप घेताना पाहून तरुण मंडळी भारावतात. पिल्लू घरी येते, आणि वर्षाच्या आतच ते घरातल्यांना असह्य होते. मग एक तर गच्चीवरची साखळी, नाही तर ‘कोणी घेता का?’ अशी विचारणा. आपल्या समाजातील घरांतूनही अशी विचारणा कानावर येऊ लागली, म्हणून हा विषय या वेळी सदरात घेतला आहे.

या कुत्र्याचे वागणे समजून घ्यायचे तर त्याचे कूळ पाहिले पाहिजे. बेल्जियममधील मेखलेन या नगराला फ्रेंच भाषेत मालिन म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. १८९१ साली ब्रुसेल्सजवळच्या पशुवैद्यकीय विद्यालयातील प्राध्यापक अडॉल्फ रूल यांनी तेथील मेंढपाळांच्या कुत्र्यांची पाहणी केली आणि या कुळाची रीतसर नोंद सुरू झाली. दिवसभर कळपाभोवती धावणे, वाट चुकलेल्या मेंढीला वळवून आणणे आणि एवढ्या धावपळीत धन्याच्या खुणेकडे लक्ष ठेवणे, हा त्याचा पिढीजात उद्योग. पुढे पोलीस आणि लष्कर यांनी हेच गुण हेरले. आपल्या देशातही भारत-तिबेट सीमा पोलीस दल, केंद्रीय राखीव पोलीस दल आणि लष्कर यांच्याकडे हे श्वान आहेत. ३० जुलै २०२२ रोजी काश्मीरमधील बारामुल्ला येथील चकमकीत गोळ्या लागून मरण पावलेला लष्कराचा ‘ॲक्सेल’ याच जातीचा होता.

असा प्राणी दोन-तीन खोल्यांच्या घरात आणून ठेवला की काय होते? धावणाऱ्या मुलांच्या टाचांना तो दात लावतो, कारण हलणाऱ्या वस्तूला वळवणे त्याच्या रक्तात आहे. दाराची घंटा वाजली की तो झेपावतो. एकटा राहिला की चपला, उशा, दाराची चौकट कुरतडतो. याला आपण ‘माजलेला’ म्हणतो. वस्तुतः तो बेकार झालेला असतो. ज्या शक्तीला तिकडे दिवसभर काम होते, तिला इथे सकाळची दहा मिनिटांची फेरी मिळते.

यावर बहुतेकांना पहिला उपाय सुचतो तो साखळीचा आणि दुसरा काठीचा. येथे श्रावकाने थांबून विचार करावा. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बंध म्हणजे बांधून कोंडून ठेवणे. वध म्हणजे येथे जीव घेणे नव्हे, तर काठी-चाबकाने मारणे. छेद म्हणजे अवयव कापणे. अतिभारारोपण म्हणजे झेपणार नाही असा भार लादणे. आणि अन्नपाननिरोध म्हणजे वेळेवर खाऊ-पिऊ न देणे. बैल, घोडे, गाई घरोघरी होत्या त्या काळातील हे चिंतन आज गच्चीवरच्या कुत्र्याला शब्दशः लागू पडते. आपल्या देशाचा १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदाही त्याच वाटेने जातो. त्याच्या अकराव्या कलमात मारणे, अतिभार लादणे, अवयव तोडणे, अन्न-पाणी व निवारा न देणे यांबरोबर आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधणे हाही गुन्हा मानला आहे. एवढेच नव्हे, नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणाऱ्या मालकाचाही त्यात स्वतंत्र उल्लेख आहे.

धर्माची आणि कायद्याची ही बाजू क्षणभर दूर ठेवली, तरी साखळी आणि काठी व्यवहारातही निरुपयोगी ठरतात. सतत बांधलेला कुत्रा शांत होत नाही. साखळीच्या टोकाशी उभा राहून तो येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकण्याचाच सराव करतो. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो, पण त्यामागची भीती त्याच्या मनातून जात नाही. गुरगुरणे ही त्याची पूर्वसूचना असते. ती दाबून टाकली की एके दिवशी तो सूचनेवाचून चावतो. विजेचा झटका देणारे पट्टे विकणारे ही गोष्ट सांगत नाहीत.

मग करावे काय? आमच्या परिचयातील एका कुटुंबात घडलेला प्रसंग येथे उपयोगी पडेल. कुत्रा गच्चीवर बांधलेला, आणि खाली आजींचे सामायिक त्याच्या ओरडण्याने रोज मोडत असे. लष्करात श्वानपथकात काम केलेले एक निवृत्त जवान त्यांच्याकडे आले. आजी म्हणाल्या, “बाबा रे, हा दिवसभर ओरडतो. घटकाभर चित्त ठरत नाही.”

त्यांनी विचारले, “आजी, त्याला दिवसभरात काम काय असतं?”

“काम? त्याला कसलं काम? खातो आणि बांधलेला असतो.”

“मग ओरडणं हेच त्याचं काम झालंय, आजी. आपण त्याला दुसरं देऊ.”

त्यांनी दिलेले पहिले काम नाकाचे होते. रोजच्या खाण्यातील काही भाग वाटीत न ठेवता अंगणात, डब्यांमागे, जुन्या फडक्याच्या घडीत लपवायचा आणि ‘शोध’ म्हणायचे. नुसते पळवल्याने अशा कुत्र्याचा दम वाढत जातो, आणि उद्या त्याला आणखी पळावे लागते. पंधरा-वीस मिनिटे वास घेऊन शोधण्यात मात्र त्याचे डोके दमते. दोरी ओढण्याचा खेळही त्यांनी बंद केला नाही. त्याला नियम लावले. ‘घे’ म्हटल्यावरच पकडायची, ‘सोड’ म्हटल्यावर सोडायची. सोडली की लगेच पुन्हा खेळ. सोडण्याने खेळ संपत नाही हे कळले की कुत्रा आनंदाने सोडतो.

दुसरे काम स्वस्थ राहण्याचे. ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही: या जातीला धावणे शिकवावे लागत नाही, थांबणे शिकवावे लागते. त्यासाठी एक जाडसर सतरंजी ठरवली. कुत्रा तिच्यावर बसला की त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि एक घास. आधी पाच सेकंद, मग अर्धा मिनिट, मग दोन मिनिटे. अवधी वाढवताना तो उठला तर रागवायचे नाही. अवधी आपण फार लवकर वाढवला एवढाच त्याचा अर्थ. त्या घराने ध्येय ठेवले एका सामायिकाचे, म्हणजे ४८ मिनिटांचे. तेथवर पोहोचायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागला. आता आजी सामायिकाला बसल्या की तो त्यांच्या खोलीच्या दाराशी सतरंजीवर पडून असतो. रस्त्यावरून सायकल गेली की त्याचे कान अजूनही ताठ होतात. पण तो उठत नाही.

तिसरी गोष्ट घरातील माणसांची. आपल्या घरांत एकजण ‘बस’ म्हणतो, दुसरा ‘सिट’, तिसरा ‘खाली’. त्यातच ‘आता बस्स’ म्हणून आपण त्याला दटावतो. म्हणजे ‘बस’ या एकाच शब्दाने बसायचेही आणि थांबायचेही! एक शब्द, एक अर्थ आणि तो सर्वांच्या तोंडी सारखा, हे कागदावर लिहून भिंतीवर लावावे. पाहुणा आला आणि कुत्रा अंगावर उडाला, तर ओरडणे किंवा त्याला ढकलणे हे त्याला लक्ष दिल्यासारखेच वाटते. पाठ फिरवावी, आणि चारही पाय जमिनीवर टेकले की कौतुक करावे. दार उघडण्यापूर्वी, वाटी ठेवण्यापूर्वी क्षणभर बसवावे. अशा लहान थांब्यांतूनच त्याला संयम कळतो. लहान मुलांना मात्र, कुत्रा कितीही शहाणा असो, त्याच्याजवळ एकटे सोडू नये. रेबीजची लस वेळच्या वेळी द्यावी, आणि उन्हाळ्यात फिरवणे सूर्य तापण्यापूर्वी उरकावे.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांत नाजूक आहे. मांजराला शाकाहारावर जगवणे निसर्गाविरुद्ध आहे. कुत्र्याचे तसे नाही. योग्य आखणी केलेल्या शाकाहारावर कुत्रा राहू शकतो. परंतु दूध-पोळी वा दहीभात म्हणजे ती आखणी नव्हे. इतक्या श्रमाच्या कुत्र्याला प्रथिने व इतर घटक किती लागतात हे पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे आणि ठरावीक काळाने तपासणी करावी. कांदा-लसूण कुत्र्याला अपायकारक असते. त्या बाबतीत आपले स्वयंपाकघर सुरक्षित आहे. पण शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षे आणि मुलांच्या हातातील चॉकलेट ही त्याच्यासाठी विषासमान आहेत. बेदाण्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. सायंकाळचे खाणे घरच्यांबरोबर सूर्यास्तापूर्वी देण्यास अडचण नाही. मात्र पाण्याचे भांडे रात्रभर भरलेले असावे. चौविहाराचा नियम आपण समजून-उमजून घेतलेला असतो. मुक्या जीवावर तो लादला तर तो अन्नपाननिरोधच. तसेच शिकवण्यासाठी कुत्र्याला मुद्दाम उपाशी ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

या सगळ्यास रोज किती वेळ लागतो? सकाळ-संध्याकाळ मिळून किमान दोन तास, आणि तेही बारा-चौदा वर्षे. बँकेत कर्ज मंजूर करताना अर्जदाराच्या इच्छेपेक्षा त्याची फेडण्याची ताकद पाहावी लागते. पिल्लू आणण्यापूर्वी प्रत्येक घराने हाच हिशेब मांडावा. मुलगा शिकायला परगावी गेल्यावर कुत्र्याला कोण फिरवणार? गावी, यात्रेला जाताना तो कोणाकडे राहणार? शाकाहाराची आखणी जमली नाही तर मनाची तयारी आहे का? उत्तरे ठाम नसतील तर असा कुत्रा न आणणे हीच त्याच्यावरची दया. पिल्लू आणायचे ठरलेच, तर ते आठ आठवड्यांपूर्वी आईपासून तोडू नये. आणि चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याला माणसे, आवाज, वाहने यांची हळुवार ओळख करून द्यावी, कारण पुढच्या स्वभावाचा पाया याच काळात पडतो.

ज्यांच्या घरी असा कुत्रा आधीच आहे आणि ज्यांना तो नकोसा झाला आहे, त्यांनी जीवंधरकुमाराची कथा आठवावी. यज्ञातील अन्नाला तोंड लावले म्हणून लोकांनी मारून मरणासन्न केलेल्या कुत्र्याच्या कानात जीवंधराने णमोकार मंत्र सांगितला. तो जीव पुढे सुदर्शन नावाचा यक्ष झाला आणि जीवंधराच्या संकटात धावून आला. ज्यांनी मारले त्यांना तो अन्न विटाळणारा पशू दिसला. जीवंधराला त्याच्यात शिकू शकणारा, चढू शकणारा आत्मा दिसला.

गच्चीवर साखळीशी झुंजणारा कुत्राही पंचेंद्रिय संज्ञी जीव आहे. उद्या सकाळी त्याची साखळी सोडून, हातात पट्टा धरून त्याला खाली आणावे, मूठभर खाणे अंगणात लपवावे आणि ‘शोध’ म्हणावे. सुरुवातीला एवढे पुरे आहे.