चौदाव्या वर्षाचं नाटक

सुधा करमरकरांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ सुरू केलं आणि मराठी मुलांना स्वतःची रंगभूमी मिळाली. रत्नाकर मतकरींच्या राक्षस-चेटकिणींनी तिच्यावर पिढ्या वाढवल्या. पुढे १९८६मध्ये मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची वाट पुण्यात आणली, आणि पऱ्यांच्या जागी खऱ्या घरांतली, मोठ्यांना प्रश्न विचारणारी मुलं रंगमंचावर आली. कॉलेजात पाऊल टाकलं की पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका स्पर्धा आहेच. मधल्या वर्षांचं काय? आठवी-नववीतल्या मुलांचं चेटकिणीला घाबरण्याचं वय सरलेलं असतं आणि एकांकिकेचं यायचं असतं. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ ही कादंबरी आणि तिच्यावर बेतलेलं ‘गमभन’ हे नाटक हे ठळक अपवाद. पण ती आणीबाणीच्या काळातली नववी आहे. आजच्या नववीचं नाटक आजच्या नववीबरोबर बसूनच लिहावं लागेल.

शाळांच्या नाट्यस्पर्धा जवळ आल्या की मात्र आपण उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी विषय ठरतो: मोबाइलचं व्यसन, परीक्षेचा ताण, पर्यावरण. मग संहिता शोधली जाते, मुलं पाठ करतात आणि शेवटच्या प्रवेशात सगळे ओळीत उभे राहून प्रेक्षकांना उपदेश करतात. चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडी पन्नाशीच्या माणसाची वाक्यं घालून आपण टाळ्या मिळवतो. त्या मुलीला काय सांगायचं होतं, हे तालमीच्या महिनाभरात कुणी विचारलेलंच नसतं.

विचारलं तर पहिल्यांदा कळतं ते हे, की या वयात सर्वांत जास्त दुखतं ते मैत्री तुटणं. आईवडिलांशी भांडण होतं, मिटतं. प्रेमाची चिठ्ठी गाजते नि विसरली जाते. पण पाचवीपासून एका बाकावर बसलेली मैत्रीण एका सोमवारी दुसऱ्या बाकावर जाऊन बसते, कारण सांगत नाही, आणि संध्याकाळी ग्रुपमधून आपलं नाव काढलेलं दिसतं, तेव्हा घरात कुणाला सांगावं हेही सुचत नाही. मोठी माणसं म्हणतात, ‘होईल दुसरी मैत्रीण.’ याला आपण नाट्य मानतच नाही, इथेच आपलं चुकतं.

नववीच्या मुलींच्या एका तालमीत मी मैत्री तुटण्याचा असाच एक प्रसंग उत्स्फूर्त करायला दिला होता. एकीने विश्वासाने सांगितलं होतं की बाबांची नोकरी गेली आहे. दुसरीने ते वर्गात फोडलं. आता दोघी समोरासमोर. आम्हा मोठ्यांना आरडाओरडा अपेक्षित होता. दुखावलेल्या मुलीने दप्तरातून एक वही काढली, पुढे धरली आणि म्हणाली, ‘तुझी भूगोलाची. नकाशा पुरा केलाय.’ बस्स. समोरचीला वही घेताही येईना आणि नाही म्हणताही येईना. असा प्रवेश टेबलाशी बसून सुचायला फार मोठा नाटककार लागतो. एका शिक्षकांनी सुचवलं, इथे माफीचं एक स्वगत घालू या. ते आम्ही घातलं नाही, आणि ते योग्यच झालं.

अर्थात सुचलेले प्रसंग एकापुढे एक ठेवले की नाटक होत नाही. वही परत करण्याचा तो क्षण मध्यंतराआधी यावा की शेवटाकडे, त्याआधी प्रेक्षकाला त्या दोघींचं हसणं किती दिसायला हवं, ही लेखकाची कामं आहेत, आणि तिथे मुलांना मोठ्यांची खरी गरज असते. मुलांनी विश्वासाने सांगितलेलं कुणाच्याही घराची ओळख पटेल अशा रूपात रंगमंचावर जाऊ नये, याची राखणही आपलीच. गाव, नातं, कारण, सगळं बदलावं. फक्त दुखणं खरं ठेवावं. आणि भाषा त्यांची राहू द्यावी. नागपूरचा मुलगा ‘काबे’ म्हणेल, कोल्हापूरचा ‘लेका’ म्हणेल. त्यांचं बोलणं पुस्तकी करून घेतलं की नाटकातला मित्र कुणाचाच मित्र उरत नाही.

मुलांचं असं खरं दुखणं रंगमंचावर येण्याची मोठ्यांची भीती जुनीच आहे. फ्रांक वेडेकिंड या जर्मन नाटककाराने वयात येणाऱ्या मुलांवरचं आपलं नाटक १८९१मध्ये छापलं. ते रंगमंचावर यायला १९०६ उजाडलं. आपल्याकडे कुणी बंदी घालत नाही. ‘मुलगा-मुलगी एकत्र बसलेले दाखवू नका’, ‘शेवट चांगला करा’ एवढ्या दोन सूचना पुरतात. शेवट चांगला कशाला हवा? दहावी झाली की कुणी सायन्सला जातो, कुणी आयटीआयला, कुणी बापाच्या दुकानात. प्रवेशाच्या यादीत एकाच बाकावरची चार मुलं चार ठिकाणी लागतात. काही मैत्र्या तिथेच संपतात. हे मुलांना ठाऊक असतं. रंगमंचावर ते जसंच्या तसं दिसलं तर एकटी पडलेली एखादी मुलगी प्रेक्षागृहात निदान एवढं तरी जाणेल, की हे आपल्या एकटीच्याच वाट्याला आलेलं नाही.

शाळेत नाटक बसवणाऱ्या शिक्षकांना आणि हौशी संस्थांच्या दिग्दर्शकांना म्हणूनच विनंती, यंदा तयार संहिता मागवू नका. आठवी-नववीतली दहा-पंधरा मुलं घ्या, आठवड्यातून दोन संध्याकाळी एक रिकामा वर्ग द्या, पहिला महिना फक्त ऐका, आणि मग लिहायला बसा. छापील पत्रिकेवर लेखक म्हणून तुमच्या नावासोबत त्या सगळ्या मुलांची नावं घाला.