वाकडी काकडी

मंडईत तुम्ही काकडी कशी निवडता? हिरवीगार, सरळ, एकसारखी, हो ना? मीही तशीच निवडायची. पण परवा आमची नेहमीची भाजीवाली म्हणाली, "ताई, सरळ सरळ तुम्ही उचलल्या. मला पाटी सगळी एकाच भावानं मिळते. ह्या वाकड्या मी कुणाच्या गळ्यात मारू?" मला अगदी ओशाळल्यासारखं झालं.

म्हटलं, आपल्या डोळ्यांना काय हवं असतं ते एकदा मोजूनच पाहू. गिऱ्हाइकांची आवड मोजायला ९ गुणांची एक पट्टी वापरतात. अमेरिकेत सैनिकांना कोणतं जेवण आवडतं ते कळावं म्हणून ती तयार झाली. १ म्हणजे अतिशय नावडते, ५ म्हणजे आवड नाही नि नावडही नाही, ९ म्हणजे अतिशय आवडते.

रविवारी एक सरळ आणि एक वाकडी काकडी ताटलीत मांडली. घरातल्या पाचहीजणांनी एकमेकांना न दाखवता नुसत्या दिसण्याला गुण दिले. सरळ काकडीला बहुतेकांचे ८, वाकडीला ३ नाहीतर ४. मग त्याच काकड्या, कडू नाहीत ना हे पाहून, वेगवेगळ्या चोचवल्या. मीठ, कूट, लिंबू अगदी सारखं. कोणत्या वाटीत कोणती, हे फक्त मला ठाऊक. यावेळी दोन्ही वाट्यांना ७ च्या आसपास गुण मिळाले. सासूबाईंनी तर वाकडीला ८ दिले!

काकडी वाकते ती परागीभवन नीट झालं नाही किंवा वाढताना पाणी कमी पडलं म्हणून. युरोपात १९८८ साली नियमच झाला होता, की पहिल्या प्रतीच्या काकडीला १० सेंटिमीटर लांबीमागे १ सेंटिमीटरहून जास्त बाक नको. २००९ साली तो काढून टाकला. तोवर डोळ्यांना किती सवय लागली असेल!

म्हणून डोळ्यांचं ऐकूच नये, असं मात्र नाही. मऊ पडलेली, सुरकुतलेली किंवा पिवळी पडून जून झालेली काकडी कोशिंबिरीला नकोच. ती खूण शिळेपणाची, जूनपणाची. बाक ही खूण यातल्या कशाचीच नाही.

आता किलोभर काकडीत दोन-तीन वाकड्या मी आपणहून घेते, त्याच भावानं. सोलायला सरळच सोपी, हे कबूल. तुम्हीही हा प्रयोग करून बघा. फक्त गुण लिहून होईपर्यंत कोणती वाटी कसली, ते सासूबाईंनाही सांगू नका!