मीठ आपले, माप कुणाचे?

आम्ही कला शाखेचे विद्यार्थी 'हृदय' हा शब्द फार वापरतो. कवितेच्या तासाला ते विदीर्ण होते, नाटकात पिळवटते, निबंधात तर उठल्यासुटल्या भरून येते. पण हेच हृदय मुठीएवढ्या स्नायूचा पंप आहे, ते जन्मभर रक्त ढकलीत असते आणि त्या ढकलण्याचा रक्तवाहिन्यांवर किती दाब पडतो हे मोजता येते, याच्याशी आपला काही संबंध नाही असे आपण धरून चालतो. तो विषय सायन्सवाल्यांचा! मला हे पटत नाही. निदान पेण-रोह्याच्या मुलांनी तरी असे म्हणू नये.

यंदा चीनमधल्या लोकांना हृदयविकार आणि अर्धांगवायू कशामुळे होतो, यावरील संशोधनाविषयी थोडे वाचण्यात आले. प्रथम वाटले, चीनचे आपल्याला काय? पण वाचता वाचता डोळ्यांपुढे आमचा खारेपाटच येऊ लागला.

ही कथा सुरू होते अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृदयविकाराशी संबंध आहे, ही आज शाळकरी मुलालाही ठाऊक असलेली गोष्ट मुख्यतः तेथून पक्की झाली. त्यावरून एक गणितही तयार झाले. माणसाचे वय, रक्तदाब वगैरे आकडे घाला, येत्या दहा वर्षांतला त्याचा धोका काढा. हे गणित जगभर वापरले जाऊ लागले. चिनी संशोधकांनी ते आपल्या हजारो माणसांवर ताडून पाहिले आणि २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. कोणाला धोका जास्त, कोणाला कमी, हा क्रम बरोबर येत होता. पण धोका किती, हा आकडा फुगून येत होता. मग त्यांनी ती अमेरिकन फूटपट्टी फेकली नाही आणि डोळे मिटून वापरलीही नाही. आपल्या माणसांच्या आकड्यांनी तिच्यावरच्या खुणा नव्याने आखल्या. मला यातले हे शहाणपण फार आवडले.

आपल्याकडे चूक नेमकी उलट्या बाजूने होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघेही सडपातळ. उंची-वजनाच्या हिशेबाने निघणारा अंक दोघांचाही सारखाच, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे वजनकाट्याला दोघे सारखे दिसले तरी आतून सारखे नव्हते. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास केला, त्यातही हेच दिसले. आपली मुले वजनाने कमी जन्मतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगावर चरबी असते. आमच्या गावात कुणाला 'रक्तदाब तपासून घे' म्हटले की उत्तर ठरलेले असते, 'मी कुठे जाडा आहे?' या उत्तराला पुण्याने केव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे, फक्त ते वडखळच्या नाक्यावरून अलीकडे आलेले नाही.

आता मिठाकडे येते.

मी खारेपाटातली. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी, असे आम्हांला लहानपणापासून सांगतात. भरतीचे पाणी आत घ्यायचे, एका खणातून दुसऱ्या खणात फिरवीत उन्हाने आटवायचे आणि शेवटच्या खणात तयार झालेले मीठ ओढायचे, हे काम माझ्या आजाने केले. पेण तालुक्यातली ती मिठागरे आता पूर्वीसारखी राहिली नाहीत. पण मीठ आमच्या ताटातून गेले नाही. सुकट, सुके बोंबील, खारवलेली मासळी, लोणचे आणि पापड. पेणचे पापड म्हटले की मुंबईकराच्या तोंडाला पाणी सुटते. ते पापड लाटणाऱ्या हातांत माझ्या आईचेही हात आहेत आणि माझी फी त्या लाट्यांतून आली आहे. तेव्हा मी मिठाविरुद्ध लिहिते आहे असे कुणी समजू नये. खाल्ल्या मिठाला जागूनच लिहिते आहे.

माझा आजा बासष्टाव्या वर्षी 'अंगावरून वारे जाऊन' पडला आणि दीड वर्ष अंथरुणावर राहिला. घरात वाऱ्याची चर्चा पुष्कळ झाली. कोणत्या तिठ्यावर लागले, कोणत्या वेळी लागले. दाबाची चर्चा कुणी केली नाही, कारण त्याचा दाब हयातीत कुणी मोजलाच नव्हता. आजाला मिठाने मारले असे मी म्हणत नाही. विडी होती, वय होते, उन्हातले कष्ट होते. मोजलेच नाही, म्हणून सांगता येत नाही, एवढेच म्हणते.

मिठाने रक्तदाब वाढतो का, यासाठी १९८८ साली ३२ देशांतल्या ५२ ठिकाणी दहा हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत सर्वांत जास्त मीठ खाणारे निघाले उत्तर चीनमधल्या तिआनजिनचे लोक. आणि ब्राझीलच्या अरण्यातले यानोमामो लोक, जे जवळजवळ मीठ खातच नाहीत, त्यांचा दाब वय वाढले तरी वाढत नव्हता. उत्तर चीनच्या खेड्यांतला माणूस पाश्चात्त्यांसारखे डबाबंद अन्नातून मीठ खात नाही. त्याचे मीठ स्वतःच्या चुलीवर, लोणच्यात, सोयाबीनच्या आंबवलेल्या रसात. म्हणजे आपल्यासारखेच की!

आता त्या लोकांना 'मीठ कमी खा' असे सांगून पाहण्यात अर्थ नव्हता. सांगून कोण ऐकतो? तेथील संशोधकांनी मीठच बदलले. पाच प्रांतांतली ६०० खेडी घेतली, २०,९९५ माणसे घेतली. त्यांत पूर्वी अर्धांगवायू होऊन गेलेले किंवा साठीच्या पुढचे रक्तदाबवाले. निम्म्या खेड्यांत नेहमीचे मीठ चालू ठेवले, निम्म्यांत असे मीठ फुकट वाटले की ज्यात सुमारे पाऊण भाग नेहमीचे मीठ आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराईड होते. जवळजवळ पाच वर्षे हे चालले. २०२१ साली निकाल आला: नव्या मिठाच्या गावांत अर्धांगवायूचे प्रमाण १४ टक्क्यांनी आणि मृत्यूचे १२ टक्क्यांनी कमी. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. बरणीतला पदार्थ बदलला. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली आहे. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना, गरोदर स्त्रियांना आणि मुलांना ती लागू नाही. पोटॅशियम साचले तर तेही हृदयाला घातक असते, म्हणून हे काम डॉक्टरला विचारूनच करायचे. (शेतकऱ्यांच्या मुलांनी पोटॅशची गोणी आठवली असेल. मूळ द्रव्य तेच. पण कृपा करून खताची गोणी स्वयंपाकघरात नेऊ नये.)

हे मीठ साध्या मिठाहून महाग पडते, आणि येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पुढे यावे. आयोडीनचे उदाहरण आपल्यापुढे आहे. १९५६ साली कांगडा खोऱ्यात गलगंडावर प्रयोग सुरू झाला, १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि २००६ पासून आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यास देशभर बंदी आहे. सरकार मनावर घेते तेव्हा प्रत्येक घराच्या बरणीपर्यंत पोचते. मग रेशनच्या दुकानात हे दुसरे मीठ का पोचू नये, हा प्रश्न विचारण्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. मी साधा हिशेब केला. पाच माणसांच्या घरी एक किलोचा पुडा निदान चाळीस दिवस पुरला पाहिजे. आमच्याकडे तो तीन आठवड्यांत संपतो. थोडे मासळी धुण्यात जाते हे मान्य. पण पापडातले, सुकटीतले मीठ या पुड्यात धरलेलेच नाही. शिवाय पापडखार. तो खारट लागत नाही म्हणून कुणी हिशेबात घेत नाही, पण त्यातही सोडियमच.

पण मोजणे वाटते तितके निरुपद्रवी नसते. माझा मामा रोह्याकडे कंत्राटी कामावर आहे. एकदा तपासणीत त्याचा दाब जास्त निघाला तेव्हा मुकादमाने 'बरा होऊन ये' म्हणून घरी बसवले. घरी बसला तितक्या दिवसांचा रोज बुडाला. तेव्हापासून मामा दंडाला पट्टा बांधूनच घेत नाही. डॉक्टर म्हणतील, अडाणीपणा. मी म्हणते, हा त्याचा चोख हिशेब आहे. दाब वाढलेला दुखत नाही, रोज बुडालेला दुखतो. धोक्याची कारणे म्हणून पुस्तकात वय, मीठ, तंबाखू, मधुमेह दिलेले असतात; 'मुकादम' हे कारण कुठल्याच यादीत नाही. ते यादीत घालायला कला शाखेचीच माणसे लागतील.

'आपल्याकडे कुठले आले संशोधन?' असे म्हणणाऱ्यांना महाडचे नाव सांगावे. लाल विंचू चावला की रक्तदाब भयंकर चढतो, हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते. डॉ. हिंमतराव बावस्करांनी आपल्याच जिल्ह्यात, ग्रामीण रुग्णांच्या उशाशी रात्री काढून हे टिपले आणि प्राझोसिन हे मूळ रक्तदाबावरचे औषध त्यावर वापरून पाहिले. विंचूदंशाने मरणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे कुठल्या कुठे खाली आले. 'लॅन्सेट'ने ते छापले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणून माझी सूचना अशी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या यंदाच्या शिबिरात रस्ता झाडण्याचे दोन दिवस कमी करावेत. आशाताईंना सोबत घेऊन संध्याकाळी, लोक कामावरून परतल्यावर, घरोघर दाब मोजावा आणि मिठाचा पुडा किती दिवस जातो ते विचारावे. वहीत नाव लिहू नये, घराला क्रमांक द्यावा. ज्याचा आकडा त्याच्याच हातात चिठ्ठीवर द्यावा. सरपंचाला नाही, मुकादमाला तर नाहीच. दाब जास्त निघेल त्याला आरोग्य केंद्रापर्यंत आपण सोबत करावी.

आईला हे सारे सांगितले. तिने लाटणे थांबवले नाही. म्हणाली, "पापर आलनी झाला त कोन घेल गो?" या प्रश्नाला उत्तर ना चीनच्या सहाशे खेड्यांत, ना पुण्यात. तेव्हा आम्ही दोघींनी ठरवले आहे की पोह्याच्या पिठाचे दोन गोळे वेगवेगळे मळायचे. एकात नेहमीचे मीठ आणि पापडखार, दुसऱ्यात दोन्ही पाऊणपट. वाळले की भाजून दोन ताटल्या शिक्षकदालनात पाठवणार आहे. कोणती ताटली कोणती, ते मात्र खाऊन होईपर्यंत सांगणार नाही.